बाईंना निरोप कोण देणार?

जानेवारी-फेब्रुवारी आला की घरोघरी एकच धांदल. शाळेत निरोप समारंभ आहे, मुलीला साडी नेसायची आहे, मापाचं ब्लाउज नाही आणि वर्गणी उद्याच न्यायची आहे! आमच्या कशेळ्याकडे याच दिवसांत वालाच्या शेंगा भरतात, बांधावर पोपटी लागते आणि शाळेच्या पटांगणात मांडव पडतो. दहावीचा असो की सातवीचा, समारंभ एकाच साच्याचा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, मुलांची मनोगतं, रडारड, ग्रुप फोटो आणि शेवटी पोहे.

या साच्यातून एक माणूस हमखास सुटतं. बाहेरगावाहून आलेल्या बाई किंवा गुरुजी.

आपल्या कोकणपट्टीतल्या जिल्हा परिषद शाळांत घाटावरचे, मराठवाड्यातले शिक्षक पुष्कळ. माझ्या मुलीला सातवीला ज्या बाई होत्या त्या लातूरकडच्या. एका खोलीत एकट्या राहायच्या. इथला पहिला पाऊस पाहून घाबरल्याच होत्या बिचाऱ्या! ठाकरवाडीतल्या मुलांची बोली त्यांना कळेना, आणि त्यांचे हेल ऐकून मुलं तोंडावर हात धरून हसायची. पण वर्षभरात सूर जुळला. दिवाळीनंतर एक कातकरी कुटुंब वीटभट्टीवर निघालं होतं. बाई लागोपाठ दोन संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसल्या, आणि थोरल्या मुलीला आजीजवळ ठेवायचं कबूल करून घेऊनच उठल्या. ती मुलगी सातवी झाली.

समारंभाच्या दिवशी याच बाई सकाळी सातपासून मुलींना साड्या नेसवत होत्या. पिनासुद्धा स्वतःच्याच. मग हारतुरे झाले, शाली झाल्या, गावातल्या एकूण एक मोठ्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. बाई मात्र मागे पोह्यांच्या बशा मोजत उभ्या. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, बाईंना का गं कुणी फूल दिलं नाही?" मी म्हटलं, "अगं, त्या कुठे चालल्यात? निरोप तुमचा होता."

मे महिन्याच्या सुट्टीत बाईंची आंतरजिल्हा बदली झाली. जूनमध्ये पाहतो तर खोलीला कुलूप!

परवा दक्षिण कोरियातल्या शाळांविषयी वाचताना हे सारं पुन्हा आठवलं. तिथे शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, म्हणून निरोप समारंभ फेब्रुवारीत. हल्ली काही शाळा जानेवारीतच उरकतात. फाटकाबाहेर फुलांचे गुच्छ विकायला बसतात, आणि समारंभ झाला की सारं घर मिळून आंबवलेल्या सोयाबीनच्या काळ्या रश्शातल्या शेवया खायला जायची जुनी रीत आहे. १९९५पासून सरकारी योजनेतून तिथे इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक येतात. २०१०मध्ये लागू झालेल्या करारानं आपल्या भारतातल्या शिक्षकांनाही ही वाट मोकळी झाली. करार बहुधा एकेक वर्षाचा. भाषणातलं अक्षर कळत नसलं तरी ती परकी माणसं समारंभाला बसलेली असतात. तिथल्या सरकारी शिक्षकांच्या बदल्याही १ मार्चपासून लागू होतात. म्हणजे मुलं जाणार आणि शिक्षक जाणार ते जवळजवळ एकाच वेळी. आपल्याकडे मुलांचा निरोप फेब्रुवारीत आणि बाईंची बदली भर सुट्टीत, शाळेत चिटपाखरू नसताना. निरोप द्यायचा कुणी आणि कधी?

खरं तर मुलींना शिकवायला दूरवरून आलेली बाई आपल्याला नवी नाही. १८२७ साली अमेरिकेतून मुंबईत आलेल्या मिस सिंथिया फरार पुढे अहमदनगरला (म्हणजे आजच्या अहिल्यानगरला) शिकवू लागल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे. १८६२ साली मिस फरार नगरलाच वारल्या.

असो. शाळेचा साचा बदलेल तेव्हा बदलेल, घरातून काय करता येईल ते सांगते. समारंभाच्या आठवड्यातच बाईंना जेवायला बोलवा, मेची वाट पाहू नका. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं आपलं असतंच, पण वर्षभर तेच खाल्लेल्या माणसाला त्या दिवशी ज्वारीची भाकरी घाला. पीठ मात्र ताजं दळून आणा बरं का! जुन्या पिठाला विरी नसते, थापताना भाकरी चिरते. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ नको, एस.टी.त ते सांभाळायचं कसं? त्यापेक्षा किलोभर कडवे वाल, घरचे पापड, थोडी कोकमं द्या. ओटी भरायची तर मनापासून भरा. बाई विधवा आहेत का, एकट्या का राहतात, ही चौकशी कशाला? त्यांच्या रीतीत ओटी बसत नसेल तर फुलं द्या, पण ती मुलीच्या हातून.

आणि त्यांचा घरचा पत्ता आत्ताच मागून ठेवा. आम्हाला तो शोधायला जुलै उजाडला. मुलीनं दोन पानी पत्र लिहिलं, चुका मी मुद्दाम तशाच राहू दिल्या. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. खुशाली विचारून झाल्यावर बाईंनी लिहिलं होतं, "आपली ती वाडीवरची मुलगी आठवीला बसली ना?"

आम्हाला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर पावसात मुलीला घेऊन मी वाडीवर गेले.