मधले पर्व

वर्तमानपत्र हाती आले की आधी दिनविशेषाचा चौकोन वाचायचा, ही माझी फार जुनी खोड. एरवी ज्यांची तोंडओळखही झाली नसती अशी माणसे त्या चौकोनात, लग्नाच्या पंगतीत बसावीत तशी, मांडीला मांडी लावून बसलेली असतात.

२१ मे ही तारीखच घ्या. १९२७ साली या दिवशी रात्री चार्ल्स लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसजवळ उतरला. बरोबर पाच वर्षांनी, १९३२ साली, अमेलिया एअरहार्टने तोच महासागर एकटीने पार केला. आपल्याला मात्र ही तारीख आठवते ती १९९१ सालच्या श्रीपेरुंबुदूरमुळे. तिथे ज्यांची हत्या झाली ते राजीव गांधी राजकारणात येण्यापूर्वी वैमानिकच होते. एकाच तारखेला कुणी जमिनीवर सुखरूप टेकतो, कुणाचा प्रवास अर्ध्यावर तुटतो!

“बाबा, यात एक राहिले,” आमचे चिरंजीव म्हणाले. “१९८० साली याच दिवशी अमेरिकेत ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ लागला.”

महायुद्धांच्या पंगतीत एका सिनेमाचे पान मांडावे, हे माझ्यातल्या प्राध्यापकाला रुचले नाही. पण चिरंजीवांनी त्या रात्री आम्हां उभयतांना तो चित्रपट दाखवलाच.

१९७७ सालच्या पहिल्या भागाचा शेवट विजयोत्सवात होतो. वीरांच्या गळ्यात पदके पडतात. हा दुसरा भाग सुरू होतो तोच बर्फाळ ग्रहावरून पळ काढण्याने. (ते बर्फ नॉर्वेतल्या फिन्से गावाजवळचे, अगदी खरे!) नायक ल्यूक योडा नावाच्या गुरूकडे जातो. हा गुरू म्हणजे फ्रँक ऑझ यांनी हलवलेली हातभर उंचीची बाहुली. पण आमच्या स्टाफरूममधल्या कित्येकांहून ती मला अधिक जिवंत वाटली. मित्र संकटात आहेत असे कळताच ल्यूक विद्या अर्धी टाकून धावतो. तिथे त्याचा हात तुटतो, शत्रूच आपला बाप आहे हे कळते, आणि मित्राला तर गोठवून नेलेले असते. कृत्रिम हात बसवून घेऊन ल्यूक खिडकीशी उभा राहतो, आणि पडदा पडतो.

“मग जिंकले कोण?” सौभाग्यवतींनी विचारले.

“ते पुढच्या भागात.”

“तो कधी आला?”

“तीन वर्षांनी. १९८३ साली.”

“आणि तोपर्यंत लोक काय करीत होते?”

प्रश्न हसण्यावारी गेला, पण माझ्या मनातून जाईना. या पटकथेचा पहिला खर्डा लिहिणाऱ्या ली ब्रॅकेट या लेखिकेने आयुष्यभर अंतराळातल्या साहसकथा लिहिल्या. खर्डा हातावेगळा केला आणि १९७८ सालच्या मार्चमध्ये ती वारली. पुढे लूकस आणि कॅसडन यांनी तो नव्याने लिहिला. पडद्यावर तिचे नाव आहे; पडदा पाहायला ती नव्हती.

आमचे चिरंजीव गेली दोन वर्षे स्पर्धा परीक्षेला बसत आहेत. यादीत नाव अजून आलेले नाही. पाहुणे “सध्या काय करतोस?” म्हणून विचारतात, तेव्हा सौभाग्यवती घाईघाईने चहा टाकायला उठतात. “तिन्ही भागांत मला हाच सर्वांत आवडतो,” असे तो म्हणाला, ते का, हे मग मला विचारावे लागले नाही.

दिनविशेषाची गोम हीच आहे. तो माणूस उतरल्याची तारीख सांगतो. लिंडबर्ग साडेतेहतीस तास झोपेशी झगडत होता, हे त्या चौकोनात मावत नाही. एअरहार्टच्या विमानाच्या पंखांवर बर्फ साचले, उंची दाखवणारे यंत्र बंद पडले, आणि पॅरिसला निघालेली ती अखेर उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली, हेही मावत नाही. पांडवांच्या शस्त्रांना दसऱ्याची तिथी मिळाली; वनवासाच्या बारा वर्षांना कोणती तिथी आहे? पण महाभारतातले वनपर्व काढून टाका, म्हणजे उरलेल्या युद्धात नुसता शस्त्रांचा खणखणाट राहील.

माणसाचे बहुतेक आयुष्य जाते ते अशा मधल्या पर्वात. तिथे पदके नसतात, उत्सव नसतो. तुटलेल्या हाताच्या जागी दुसरा बसवून खिडकीशी उभे राहणे असते. तेही पराक्रमातच धरावे, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या दिवाळीला हे ठाऊक असावे. पाडव्याच्या दिवशी आपण ज्या बळीची आठवण काढतो, तो जिंकलेला राजा नव्हे. तो पाताळात ढकलला गेला. तरीही त्याचे राज्य पुन्हा येवो, असे आपल्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या ओवाळताना म्हणत आल्या आहेत. तेव्हा वाचकहो, यंदा पाडव्याला तुमच्या घरी एखादा मधल्या पर्वातला मुलगा असेल, तर त्याला निकाल विचारू नका. पाट मांडा, आणि करंजी जरा मोठी वाढा.