खादाड झाडाचा उपास

किडे खाणारं झाड आप्पांना गिफ्ट द्यायची आयडिया माझीच. रिटायर झाल्यापासून ते सांगलीच्या घरात नुसते येरझाऱ्या घालत होते, आणि मला पुण्याहून महिन्यातून जेमतेम एक वीकेंड जायला जमत होतं. म्हटलं, आपल्या जागी काहीतरी ठेवू या. नर्सरीत घटपर्णी दिसली, म्हणजे पिचर प्लांट. पानाच्या टोकाला लोंबणारे लालसर घडे, वर झाकण. एकदम हटके! एसटीत मांडीवर धरून नेली.

‘‘काय खातं हे?’’

‘‘मुंग्या, माश्या.’’

‘‘हात्तिच्या! मग जेवायला घालू की त्याला.’’

आणि घातलं हो! आप्पांचं बालपण उसाच्या आणि द्राक्षाच्या रानात गेलेलं. झाड म्हटलं की खत, हे त्यांच्या रक्तातच. त्यांनी घटपर्णी नदीकाठच्या काळ्या मातीत लावली, शेणखत घातलं, वर चिमूटभर युरिया. दोन वेळा बोअरचं पाणी. रविवारी घड्यात मटणाचा तुकडासुद्धा. पंचमीला आलेल्या माहेरवाशिणीचे होणार नाहीत असे लाड!

दीड महिन्यात झाड काळं पडलं. फोनवर आप्पा एवढंच म्हणाले, ‘‘माझ्या हातून गेलं गं.’’ जन्मभर जे लावलं ते जगवलेला माणूस. खरं तर चूक माझी होती. झाड हातात ठेवलं आणि ते कसं जगतं, हे न सांगता रात्रीची गाडी पकडली.

सप्टेंबरात सुट्टी टाकली, बुकिंग केलं आणि आप्पांना घेऊन कासला गेले. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं हेच ते फुलांचं पठार. सगळे फुलांचे फोटो काढत होते, आम्ही दोघं मात्र उकिडवे बसून जमिनीकडे बघत होतो. तिथं होतं दवबिंदू. इवलंसं झाड, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट, चमचमणारे थेंब. दव समजून किडा बसला की अडकलाच. बाजूला जांभळी सीतेची आसवं. नाव किती हळवं, पण खाली ओल्या मातीत हिच्या बारीक पिशव्या डोळ्याचं पातं लवायच्या आत सूक्ष्म जीव ओढून घेतात.

आप्पांनी माती चिमटीत घेतली. मातीचा पातळ थर, खाली जांभा दगड. वरून धो धो पाऊस, जे काही सत्त्व असेल ते वाहून जाणार.

‘‘हिच्यात नत्रच नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मुळाला मिळत नाही, म्हणून पानानं शिकार करतंय बिचारं. आणि मी त्याला युरिया घातला.’’

झालं! जे मी पुस्तकातून समजावणार होते, ते त्यांना चिमूटभर मातीनं सांगितलं. मी हळूच म्हटलं, ‘‘एखादं न्यायचं का घरी?’’ आप्पांनी डोळे वटारले. ‘‘कशाला? परत खत घालायला?’’

तर मंडळी, दुसरी घटपर्णी आणली. यावेळी नियमांसकट. तुमच्याही कामी येतील. माती नाहीच. स्फॅग्नम मॉस आणि परलाइट, पाणी झरझर निघून जाईल असं. कुंडीत खत अजिबात नाही. पाणी पावसाचं, नाहीतर आरओचं. बोअरच्या पाण्यातले क्षार साठून मुळं मरतात, आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर त्याहून खारट. सकाळचं कोवळं ऊन, मग भरपूर उजेड. उन्हाळ्यात हिरवी शेडनेट आणि हवेत ओलावा. उजेड किंवा ओलावा कमी पडला, तर पानं येतात पण घडे धरत नाहीत. जुना घडा वाळला तर घाबरू नका, कात्रीनं कापा. मटण बंद! काठावरच्या मधाला भुलून मुंग्या येतात, घसरतात, आतल्या रसात पचतात. महिन्यात चार पडल्या तरी पोट भरतं.

विकत घेताना नर्सरीत वाढवलेलं संकरित रोपच मागा. आपल्या देशाची स्वतःची घटपर्णी एकच, मेघालयातली. तिला कायद्याचं संरक्षण आहे, आणि जंगलातून उपटून नेणाऱ्यांमुळेही ती अडचणीत आलीय. कासचं दवबिंदूही उपटू नका. बघा, फोटो काढा, या.

सांगलीच्या उन्हाळ्यात दुसऱ्या झाडानंही दम काढायला लावला. दोन महिने एकही घडा नाही. आप्पा रोज शेडनेटखाली खुर्ची टाकून बसायचे, हात मागे बांधून. आई म्हणायची, ‘‘त्या झाडाचा उपास, आणि यांचाही.’’ मीही आता पंधरा दिवसांनी जाते. झाड बघायला, असं सांगते.

जूनचा पहिला पाऊस झाला आणि ऑफिसात मीटिंगच्या मधोमध फोन वाजला.

‘‘घडा उघडला! मुंगीपण पडली!’’ आणि मग घाईघाईनं, ‘‘मी काही केलं नाही बरं का!’’