फोनवर पहिला शब्द ‘आजारी’ असू द्या

नगरकरांनो, जिल्ह्यातल्या माझ्या माणसांनो,

माळीवाडा स्टँडवर तुम्ही त्याला पाहिलंय. भर उन्हात अंगावर दोन-दोन स्वेटर, केसांच्या जटा, पायाला चिंधी बांधलेली. एकटाच कोणाशी तरी बोलत असतो. शिर्डीत मंदिराच्या वाटेवर ती बसलेली असते. काखोटीला गाठोडं. जवळ गेलं की शिव्या देते, लांब गेलं की रडते. पाथर्डीला जा, नेवाशाला जा, कोपरगावला जा, असं कोणी ना कोणी दिसतंच. तुम्ही थांबलात. दहाची नोट पुढे केलीत. मग गाडी लागली आणि तुम्ही निघालात. घरी पोचेपर्यंत तो चेहरा तुमच्या डोळ्यांसमोरून हलला नसणार, हे मला ठाऊक आहे.

त्याच चेहऱ्यासाठी आज मी तुमच्याकडे आले आहे. दहा मिनिटं द्या.

स्टँडवरच्या त्या एकाच माणसाला आपल्याकडे दोन कायदे लागू शकतात. पहिला १९५९ चा, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. जगण्याचं उघड साधन नाही आणि हा भिकेवर जगत असावा असं दिसतं, एवढंही त्या कायद्याला पुरतं. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं ठेवायचा आदेश होऊ शकतो. दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्य सेवेचा. त्याचं कलम १०० म्हणतं की मानसिक आजारी असावा असं वाटणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना दिसला, तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्याला संरक्षणात घ्यायचं. चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात डॉक्टरांपुढे न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, काही झालं तरी नाही. त्याला घर नसेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि त्याचे घरचे शोधायचे.

पहिल्या कायद्याच्या वाटेने तो आरोपी होतो, दुसऱ्याच्या वाटेने पेशंट. वाट ठरते कशावरून? पुष्कळदा पहिला फोन करणाऱ्याने काय सांगितलं त्यावरून. “साहेब, स्टँडवर एक येडं आलंय, बायाबापड्या घाबरतात, घेऊन जा” असं सांगितलं की गाडी एका रस्त्याने जाते. “साहेब, एक आजारी माणूस आहे, डॉक्टरकडे न्यायला हवं” असं सांगितलं की दुसऱ्या. तो फोन करणारे तुम्ही आहात. हे तुमच्या हातात आहे.

म्हणून ११२ ला फोन करा. ‘वेडा’ म्हणू नका, ‘भिकारी’ म्हणू नका. ‘मानसिक आजारी व्यक्ती’ म्हणा. ‘कलम १००’ हे दोन शब्द उच्चारा. गाडी येईपर्यंत तिथून हलू नका. पाण्याची बाटली द्या, नाव विचारा, गाव विचारा. एखाद्या गावाचं अर्धवट नाव, भावाचं नाव, शाळेचं नाव, जे काही तोंडून निघेल ते कागदावर लिहून पोलिसांच्या हातात द्या. घराचा शोध पुष्कळदा अशाच एका शब्दावरून लागतो. आणि मोबाइलवर त्याचा तमाशा चित्रित करणाऱ्या पोरांना जरा दटावा. तुमचं ऐकतील.

हे इतकं तळमळून का सांगते आहे, ते ऐका. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत भिक्षेकरी धरण्याची मोहीम निघाली. पन्नासच्या आसपास माणसं धरली. न्यायालयाच्या आदेशाने त्यांची रवानगी श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात झाली. तिथे काहींची प्रकृती ढासळली. त्यांना नगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं. काही दिवसांतच त्यांतले चौघे दगावले. दुर्लक्ष झाल्याचे आरोप झाले, चौकशीच्या मागण्या झाल्या. आरोप करायला नातेवाईक आले होते. नातेवाईक होते! म्हणजे ज्यांना आपण बेवारस समजून धरतो, त्यांच्यापैकी कुणाची तरी घरी वाट पाहिली जात असते. रस्त्यावरून उचललेल्या प्रत्येक माणसाला आधी डॉक्टरने पाहायला हवं, मगच न्यायालयाने. अंगात ताप आहे का, दारू सुटल्याची थरथर आहे का, मनाचा आजार आहे का, हे माहीत नसताना माणसाला गाडीत कसं कोंबायचं? पुढची मोहीम तुमच्या गावात निघाली तर हाच प्रश्न विचारा. नगरपालिकेत विचारा, पोलीस ठाण्यात विचारा, आमदाराला विचारा. नम्रपणे विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा.

बाईचं संकट याहून मोठं. भान हरपलेली बाई रात्री रस्त्यावर असते तेव्हा तिच्यावर काय गुदरतं, हे मी लिहायला नको. नगरजवळच्या शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानात जाऊन या. रस्त्यावर सापडलेल्या, मनाने आजारी अशा बायका तिथे राहतात. अत्याचारातून गरोदर राहिलेल्या कित्येक जणींची बाळंतपणं तिथे झाली, ती लेकरं तिथेच वाढली. या डॉक्टर नवरा-बायकोने सुरुवात केली ती रस्त्यावरच्या माणसांना घरचा डबा नेऊन देण्यापासून. डबा तर तुम्हीही नेऊ शकता. तिकडे रायगडच्या कर्जतमध्ये (आपल्या कर्जतशी घोटाळा नको) डॉ. भरत वाटवानींचं काम आहे. औषधोपचाराने भानावर आलेल्या माणसांना देशाच्या कानाकोपऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचवायचं, हे ते काम. त्याला २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही माणसं बरी होतात. औषध मिळालं की भान येतं, भान आलं की आईचं नाव आठवतं. हे मनात पक्कं धरा, कारण फोन उचलायचा धीर त्यातून येतो.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. १९३६ साली राहुरीत मेहेरबाबांनी अशाच माणसांसाठी आश्रम काढला होता. तिथे ते त्यांना स्वतःच्या हाताने अंघोळ घालत. तेव्हा कायद्याचा असा आधार नव्हता. आज आहे.

आता रस्ता सोडून घरात या. कारण सगळेच स्टँडवर नसतात. गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत एखादा तरणाताठा मुलगा साखळीला बांधलेला असतो. गावाला माहीत असतं, कोणी बोलत नाही. आई-बाप दुष्ट असतात म्हणून हे होत नाही. ते दमलेले असतात. भगत झाला, गंडे-दोरे झाले, जमीन गहाण पडली. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची. आपल्याला जवळचं येरवडा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून आजारी पोराला घेऊन पुण्याला जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून साखळी येते.

साखळी कायद्याने बंद आहे, कोणत्याही रूपात. घरात कोंडून हाल होत असतील तर कोणीही पोलीस ठाण्यात कळवू शकतं आणि मॅजिस्ट्रेट त्या माणसाला उपचारासाठी पाठवू शकतात. पण माझं ऐका, पोलिसांत जाण्याआधी एकदा त्या घराचा उंबरठा ओलांडा. चहा घ्या. त्या माऊलीला म्हणा, “काकू, उद्या मी गाडी घेऊन येतो, आपण सिव्हिलला जाऊ.” १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तिच्या भिंतीवर लिहून द्या. फोन करायला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. दारात गेलात आणि जिवाला धोका दिसला, तर मग मात्र थांबू नका. त्याच दिवशी कळवा.

आणि ज्यांच्या घरी आजार आहे, त्या आई-बापांनो, बहिणींनो, तुमच्याशी मला वेगळं बोलायचंय. सगळे कागद जपा. केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, औषधाची बिलं, डिस्चार्ज कार्ड. एका पिशवीत घाला, देवघरात ठेवा. आजाराच्या भरात उद्या पोराकडून काही घडलं, तर न्यायालयात तो आजारी होता हे दाखवायची जबाबदारी त्याच्याच बाजूवर येते. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानाचं कलम ८४, सांगतं की मनाच्या आजारामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, त्याचं ते कृत्य गुन्हा ठरत नाही. पण नुसतं “तो वेडा आहे हो” म्हणून भागत नाही. महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाचं प्रकरण आठवा. १९९४ साली त्याच्या हातून बायकोचा जीव गेला. खालच्या न्यायालयांनी दोषी धरलं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. त्याला आधीपासून स्किझोफ्रेनिया होता आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं, हे नोंदींमधून दिसत होतं. नोंदी होत्या म्हणून! त्या बाईचा जीव परत येणार नव्हता. वेळेवर आणि नेटाने उपचार झाले असते तर ती कदाचित वाचली असती, हे मला राहून राहून वाटतं. आजाऱ्याला सांभाळणं म्हणजे त्याच्या बायको-लेकरांनाही सांभाळणं.

पोराला अटक झालीच तर ती पिशवी घेऊन पहिल्याच दिवशी न्यायालयात जा. वकील परवडत नाही? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. मानसिक आजारी माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्याला सांगणं हे पोलिसांचं, मॅजिस्ट्रेटचं, तुरुंग अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याला खटला समजत नसेल तर “साहेब, आधी डॉक्टरांकडून तपासणी करा” असा अर्ज द्या. नातेवाइकाने सांभाळायची हमी घेतली आणि दवाखान्यात ठेवायची गरज नसली, तर त्याला जामिनावर सोडायचीही तरतूद आहे. पण मागायला कोणीतरी उभं राहावं लागतं. तुम्ही उभे राहा.

कोणीच उभं राहिलं नाही तर काय होतं, ते आसामातल्या मचल लालुंग यांना विचारायला हवं होतं. १९५१ साली धरलं. मनोरुग्णालयात पाठवलं. बरे झाले, तरी खटला चालला नाही आणि सुटका झाली नाही. २००५ साली बाहेर आले. चोपन्न वर्षं! आपल्या मुंबईच्या पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा देशाला कळलं की काहीही गुन्हा नसलेली आजारी माणसं तुरुंगात खितपत पडली आहेत. १९९३ साली न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. एक बाई मागे लागली म्हणून ते झालं.

तुम्ही जिल्ह्यासाठी एवढं मागा. आपल्या ठाण्यात कलम १०० मराठीत, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लागलंय का, हे जाऊन पाहा. नसेल तर स्वखर्चाने बोर्ड करून न्या, पोलीस नाही म्हणणार नाहीत. त्यांनाही या माणसांचं काय करायचं ते सांगणारं कोणी हवंच असतं. रात्री-अपरात्री पोलीस अशा माणसाला घेऊन येतील तेव्हा सिव्हिलमध्ये आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कोण तपासणार, त्याचं नाव आणि नंबर जाहीर करा, असं लेखी मागा. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. गणपती मंडळांनो, एका वर्षाच्या डीजेच्या पैशात तालुक्यासाठी एक गाडी आणि वर्षभराचं डिझेल उभं करा. वकील मंडळींनो, महिन्यातून एक प्रकरण फुकट घ्या. आणि ज्यांचा भाऊ, ज्यांची बहीण बरी होऊनही येरवड्यात वाट पाहतेय, त्यांनी या रविवारी एस.टी.ने जाऊन भेटून या. घरी आणायचं धाडस नसेल तर नुसतं भेटा.

आज संध्याकाळी स्टँडवरून जाताना तो तिथेच असेल. स्वेटर तेच असतील. तुमच्या खिशात फोन आहे. थांबा, जवळ जा, नाव विचारा. मग ११२ लावा आणि म्हणा, “माळीवाडा स्टँडवरून बोलतोय. इथे एक आजारी माणूस आहे. तुम्ही येईपर्यंत मी त्याच्यापाशी थांबलोय.”