संसदेच्या दारावरचा पहारा कोणाचा?

संपादक महोदय,


संसदेच्या सुरक्षेबद्दल आपल्याकडे 13 डिसेंबर आला की चर्चा होते, मग वर्षभर शांतता. म्हणून हे थोडं मुद्द्यावर येऊन लिहितो.

13 डिसेंबर 2001 रोजी पाच अतिरेकी गाडीतून संसदेच्या आवारात शिरले. त्यांना दाराबाहेरच रोखलं गेलं, पण आपली माणसं गेली. त्यांत पोलीस होते, संसदेचे स्वतःचे रक्षक होते, बागेत काम करणारा एक माळीही होता. सीआरपीएफच्या कमलेश कुमारी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. बरोबर 22 वर्षांनी, 13 डिसेंबर 2023 ला, नव्या इमारतीत दोन तरुणांनी प्रेक्षक गॅलरीतून लोकसभेत उड्या मारल्या आणि रंगीत धुराच्या नळकांड्या फोडल्या. हातात खासदाराच्या शिफारशीचा पास होता, नळकांड्या बुटात लपवलेल्या. शेवटी खासदारांनीच त्यांना धरलं.

यानंतर व्यवस्था बदलली. 20 मे 2024 पासून सीआरपीएफच्या खास तुकडीची आणि दिल्ली पोलिसांची जागा सीआयएसएफच्या तीन हजारांहून अधिक जवानांनी घेतली. विमानतळावर आपली बॅग तपासतात तेच हे दल. अंगझडती, स्कॅनर, पास तपासणी हे त्यांचं रोजचं काम. 2023 ला नेमकी तिथंच चूक झाली होती, त्यामुळे दारावर त्यांना नेमणं योग्यच म्हणावं लागेल.

पण दाराच्या आत काय? सीआयएसएफ गृहमंत्रालयाच्या हाताखाली आहे. संसदेची स्वतःची सुरक्षा सेवा मात्र सभापतींना आणि अध्यक्षांना उत्तर देते. हा फरक जुना आहे. 8 एप्रिल 1929 ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकले. त्यानंतर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी सभागृहाचीच 'वॉच अँड वॉर्ड' ही पहारेकरी सेवा उभी केली. तीच 2009 पासून संसद सुरक्षा सेवा म्हणून ओळखली जाते. सरकार इंग्रजांचं होतं, तरी सभागृहात हुकूम अध्यक्षांचा चालावा, हा त्यांचा आग्रह.

ऑगस्ट 2025 मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांनी राज्यसभेच्या उपसभापतींना पत्र लिहून सीआयएसएफचे जवान हौद्यात कसे आले, असं विचारलं. ते मार्शल होते, असं उत्तर मिळालं. खरं काय यावर दोन्ही बाजू अडून बसल्या. माझ्या मते असा वाद निघतो हीच अडचण आहे. खासदाराला अडवणारा हात सरकारचा की सभागृहाचा, हे पाहणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे. आज एक पक्ष सत्तेत आहे, उद्या दुसरा असेल. नियम दोघांना सारखाच उपयोगी पडेल.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. दारावर सीआयएसएफ राहू दे, पण सभागृहात आणि लॉबीत फक्त संसदेची स्वतःची माणसं असावीत, ठळक वेगळ्या गणवेशात. कुठे कोणाचा हुकूम चालतो ते लेखी जाहीर करावं. आणि पासासाठी सही करणाऱ्या खासदाराने माणूस ओळखीचा आहे ना, एवढं तरी बघावं.

आम्हा बेळगावकरांना सुवर्णसौधातल्या अधिवेशनामुळे बंदोबस्त काही नवा नाही. बंदोबस्त हवाच. पण आपण निवडून दिलेला माणूस आत बेधडक बोलू शकला, तरच त्या बंदोबस्ताला अर्थ.

आपला,
एक वाचक, बेळगाव