घाटातला काटा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतून सह्याद्री चढणारे दोन मोठे रस्ते जातात. शहापूरहून आटगाव, खर्डी करत नाशिकचा रस्ता कसारा घाटाला भिडतो, तर मुरबाडहून सरळगाव, टोकावडे मागे टाकत दुसरा माळशेज घाट चढतो. भेंडी, काकडीच्या जाळ्या भरलेले पिकअप, प्रवासी कोंबलेल्या काळ्या-पिवळ्या जीप, म्हशाच्या यात्रेला गुरे नेणारे टेंपो, सारे याच वाटांवर असतात. चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घोंघावत असताना आत काय चालले आहे, हे ड्रायव्हरला सांगणारी एकच जागा असते. ती म्हणजे स्टिअरिंगमागचा मीटर.

हा मीटर आता नव्याने बनू लागला आहे. जुन्या जीपचा मूळ मीटर मिळेनासा झाला, मिळाला तर काच पिवळी आणि केबल तुटकी. दुसरीकडे, हाताच्या तळव्यावर मावणारे मायक्रोकंट्रोलर बोर्ड, रंगीत पडदे आणि काटा फिरवणाऱ्या छोट्या मोटरी सहज विकत मिळतात. त्यामुळे गिऱ्हाईक वायरमनच्या दारात येऊन विचारते, ‘असा मीटर बनवून द्याल का?’

बनवून द्यावा, असेच या मासिकाचे मत आहे. हे काम शिकण्यासारखे आहे, त्यात पैसा आहे, आणि गावच्या गॅरेजला कंपनीच्या वर्कशॉपच्या तोडीस तोड उभे करणारे कसबही आहे. मात्र एक अट आहे. काट्यामागचे मोजमाप ताडून पाहिल्याशिवाय मीटर गाडीत बसवू नये. डायलची छपाई आणि निळे दिवे त्यानंतर.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या डॅशवर पाच वेगवेगळी घड्याळे होती: वेग, पेट्रोल, हीट, ऑईल प्रेशर आणि अँपिअर. एक बिघडले तर तेवढेच बदलायचे, बाकीची चार खरे सांगत राहायची. पुढे सारे एका डब्यात गेले आणि क्लस्टर हा शब्द आला. नवा मीटर बनवणाऱ्याने या जुन्या रचनेतली निदान एक गोष्ट घ्यावी. हीट आणि ऑईल प्रेशर यांची वायरिंग आणि फ्यूज बाकीच्यांपासून वेगळे ठेवावेत. पडदा काळा पडला तरी हे दोन काटे जिवंत राहिले पाहिजेत.

केबलवरच्या स्पीडोमीटरची जात याहून जुनी आहे. ऑटो शुल्झ या जर्मनाने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. गिअरबॉक्समधून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्यावरची ॲल्युमिनियमची वाटी त्या चुंबकाच्या ओढीने वळू पाहते आणि केसाएवढी स्प्रिंग तिला धरून ठेवते. बॅटरी उतरली तरी हे यंत्र वेग दाखवते. जपानी धाटणीच्या केबलचे गणितही सुटसुटीत आहे. एका किलोमीटरला केबल ६३७ फेरे घेते, म्हणजे ताशी ६० ला मिनिटाला ६३७. तिथे फेऱ्यामागे चार पल्स देणारा सेन्सर बसवला की किलोमीटरला २,५४८ पल्स होतात, आणि हाच आकडा प्रोग्रॅममध्ये जातो.

पण प्रत्येक जीपचा आकडा हा नव्हे. टेप घेऊन सपाट रस्त्यावर शंभर मीटर आखावेत, गाडी त्यावरून हळू न्यावी, पल्स मोजावेत आणि दहाने गुणावे. पाच वेळा हे करून सरासरी घ्यावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

टायरचा हिशेबही इथेच करून टाकावा. बोलेरोला २१५/७५ आर १५ हा टायर येतो. त्याचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. हौसेने २३५/७५ चढवला की व्यास ७३३ च्या आसपास जातो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढतो. जुन्या हिशेबाचा मीटर ६० दाखवत असताना गाडी ६२ च्या पुढे पळत असते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीत याबद्दल ठाम दंडक आहे: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखवले तर वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर, इतकीच सूट. खऱ्या ६० ला मीटर ७० पर्यंत दाखवू शकतो, ५९ मात्र चालत नाही. आपल्या कामालाही हीच मोजपट्टी लावावी.

आता हीटच्या काट्याकडे वळू. घाटाखालच्या वायरमनचे खरे काम तिथेच आहे.

पाण्याचा टेंपरेचर बल्ब म्हणजे तापला की ज्याचा रोध घटतो असा एक दाणा. त्याची परतीची वाट इंजिनाच्या ब्लॉकमधून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत जाते. इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी गंजली की त्या वाटेत नको तो रोध घुसतो आणि काटा भलतेच सांगू लागतो. हेडलाईट लावली आणि हीटचा काटा हलला, तर दोष जवळजवळ नेहमी अर्थिंगचा असतो. कोकणपट्टीच्या पावसात या पट्ट्या लवकर सडतात. नवा मीटर बसवण्याआधी अर्थची पट्टी नवी टाकावी, बल्बच्या आट्यांवर टेफ्लॉनचे जाड वेटोळे घालू नये, आणि मीटरची अर्थ वायर डॅशच्या स्क्रूला न देता वेगळी ओढावी.

याहून धोकादायक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. बल्ब पाण्यात बुडालेला असेल तेव्हाच खरे सांगतो. होज फाटून पाणी निघून गेले की तो हवेत लोंबकळतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली उतरू शकतो. ड्रायव्हर निर्धास्त राहतो आणि हेड वाकते. घाटात चालणाऱ्या गाडीसाठी मीटर बनवताना दुसरा सेन्सर सिलिंडर हेडच्या धातूवर बसवावा किंवा रेडिएटरमध्ये पाण्याच्या पातळीचा स्विच टाकून लाल दिवा आणि बझर द्यावा. एवढा एक बझर त्या मीटरची सारी किंमत वसूल करील.

हीटचा काटा ताडून पाहायला यंत्र लागत नाही. बल्ब काढून वायरीसकट उकळत्या पाण्याच्या भांड्यात धरावा, त्याच्या अंगाला अर्थ द्यावी आणि काटा कुठे थांबतो ते पाहावे. शहापूर-मुरबाडच्या सखल भागात पाणी शंभर अंशांच्या अगदी जवळ उकळते. मग पाणी निवत जाईल तसे साध्या थर्मामीटरशी जुळवत ८० आणि ६० च्या खुणा कराव्यात. लाल पट्टा कुठून सुरू करायचा हे ठरवताना रेडिएटरच्या टोपीवरचा दाबाचा आकडा वाचावा, कारण दाबाखालचे पाणी शंभरच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही.

डिझेल गाडीला इग्निशन कॉइल नसते, म्हणून आरपीएमचा काटा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घ्यावा लागतो. बारा पोलचा अल्टरनेटर आणि दुपटीची पुली असेल तर इंजिनाच्या ८०० फेऱ्यांना अल्टरनेटर १,६०० फिरतो आणि सेकंदाला १६० पल्स मिळतात. या जोडणीचा आणखी एक लाभ आहे. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. इंजिनाचा आवाज तोच असताना आरपीएमचा काटा पडला, तर पट्टा घसरतो आहे आणि थोड्या वेळात हीट वाढणार आहे, हे ड्रायव्हरला आधीच कळते. मीटर देताना हे त्याला समजावून सांगावे.

टाकीच्या फ्लोटमध्ये घोळ फार होतो. युरोपी पद्धतीचा फ्लोट रिकाम्या टाकीला सुमारे १० ओहम आणि भरल्या टाकीला १८० दाखवतो. अमेरिकी पद्धतीचा रिकाम्याला २४० आणि भरल्याला ३३. एकाचा फ्लोट आणि दुसऱ्याचा मीटर जोडला तर रिकामी टाकी भरलेली दिसते. मीटर विकत घेण्याआधी मल्टिमीटरने जुना फ्लोट मोजावा. नंतर टाकीत पाच-पाच लिटर डिझेल ओतून प्रत्येक वेळी रोध लिहून ठेवावा. टाकीचा आकार सरळ नसतो, त्यामुळे मधल्या खुणा अंदाजाने आखल्या तर चुकतातच.

चार्जिंगच्या दिव्याची गोष्ट लहान, पण त्यापायी गाड्या वाटेत उभ्या राहतात. जुना तीन वॅटचा बल्ब नुसता दिवा नव्हता. अल्टरनेटरला जागे करणारा करंट त्याच्यातूनच जात असे. तिथे नुसता एलईडी लावला की अल्टरनेटर उठतच नाही. एलईडीला समांतर सुमारे ५० ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर टाकावा.

बोर्डाच्या वीजपुरवठ्यात काटकसर करू नये. चालत्या गाडीत बॅटरीचे टर्मिनल ढिले होऊन सुटले तर १२ व्होल्टच्या गाडीतही क्षणभर ८० व्होल्टच्या पुढे झटका येऊ शकतो. नेहमीचा ७८०५ रेग्युलेटर ३५ व्होल्टपर्यंतच टिकतो. पुढे झटका गिळणारा टीव्हीएस डायोड, फ्यूज आणि गाडीसाठीच बनवलेला रेग्युलेटर हवा. काटा फिरवणाऱ्या एक्स-२७ जातीच्या मोटरी ३१५ अंश फिरतात आणि अंशाच्या तिसऱ्या भागाइतके बारीक पाऊल टाकतात. काम त्यांचे सुबक असते. पण अमेरिकेत जनरल मोटर्सच्या २००३ नंतरच्या काही वर्षांच्या ट्रकांत अशाच स्टेपर मोटरी निकामी होऊन काटे भलत्याच जागी अडकू लागले होते. चावी फिरवताच सगळे काटे एकदा टोकापर्यंत जाऊन परत यावेत, असा प्रोग्रॅम म्हणूनच लिहावा. अडकलेला काटा ड्रायव्हरला गाडी हलण्याआधी दिसतो.

बीएस-६ गाड्या १ एप्रिल २०२० पासून आल्या, त्यांच्या मीटरला मात्र हात लावू नये. अनेक मॉडेलांत इमोबिलायझरचे धागे मीटरशी जुळलेले असतात. जादा काटे हवे असतील तर ओबीडीच्या सॉकेटवरून माहिती घेणारा वेगळा मीटर जोडावा. माल आणि प्रवासी वाहनांच्या स्पीड गव्हर्नरची सीलबंद वायर तर कधीच कापू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११७ स्पीडोमीटरसाठी आहे, आणि नियम ६२ खालच्या पासिंगच्या तपासणीत डॅशबोर्डची उपकरणे आणि स्पीडोमीटर हे दोन्ही येतात. नवा मीटर बसवताना जुन्या मीटरचे किलोमीटर बिलावर लिहावेत, तोच आकडा नव्यात भरावा आणि जुना मीटर मालकाच्या हवाली करावा. किलोमीटर मागे घेऊन मागणारे गिऱ्हाईक परत पाठवावे. पुढच्या खरेदीदाराला तो आकडा बघूनच टायमिंग पट्टा आणि क्लच कधी बदलायचा हे ठरवायचे असते.

मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुले फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी आपल्या गाड्यांचे डॅश स्वतः बनवतात. आयआयटी मुंबईची आणि सोमय्या कॉलेजची मुले हे काम वर्षानुवर्षे करत आली आहेत. त्यांच्याकडे सेन्सर तपासून नोंद ठेवण्याची जी सवय आहे, ती आयटीआयमधून बाहेर पडून मुरबाड नाक्यावर किंवा आसनगावच्या फाट्यावर गॅरेज टाकणाऱ्या मुलांनाही लागावी. हुशारी त्यांच्यात तितकीच आहे.

वायरमन मंडळींना एक विनंती. बनवलेल्या प्रत्येक मीटरसोबत एक कार्ड द्या. त्यावर किलोमीटरचे पल्स, टायरचा नंबर, उकळत्या पाण्याला हीटच्या काट्याची जागा, मेकॅनिकल गेजशी जुळवलेला ऑईल प्रेशर, दर पाच लिटरला फ्लोटचा रोध आणि जुन्या मीटरचा आकडा लिहा, खाली तारीख आणि सही करा. कार्डाची एक प्रत गाडीच्या कागदांत आणि दुसरी गॅरेजच्या वहीत ठेवा. या महिन्यात जो पहिला मीटर बनवाल, त्याच्यापासूनच सुरुवात करा.