वल्हे पुन्हा हाती घेताना

नदीकाठच्या वा खाडीकाठच्या गावी ज्यांचे बालपण गेले, त्यांना गळ, गांडूळ आणि तासन्‌तास धरलेला धीर यांची ओळख करून द्यावी लागत नाही. परदेशी आल्यावर नोकरी, व्हिसाची प्रतीक्षा आणि मुलांच्या शाळा यांत हा छंद हळूहळू मागे पडतो. हौसेने घेतलेली कयाक गॅरेजच्या भिंतीला टेकून राहते. वर्षांच्या खंडानंतर ती पुन्हा पाण्यात न्यावी, असे आमच्यापैकी अनेकांच्या मनात येते, म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहोत.

क्युपर्टिनोला जवळचे पाणी म्हणजे स्टीव्हन्स क्रीक जलाशय. येथील धरण १९३५ सालचे. ज्या ओढ्यावर ते उभे आहे, त्याला १७७६ मध्ये स्पॅनिश मोहिमेबरोबर आलेल्या पाद्री पेद्रो फोंत यांनी संत जोसेफ क्युपर्टिनो यांचे नाव दिले होते. पुढे ओढ्याचे नाव बदलले; जुने नाव मात्र गावाने जपले. या जलाशयावर वल्ह्याच्या होड्यांना मुभा आहे. पाण्यात लार्जमाउथ बास, ब्लूगिल, क्रॅपी व कॅटफिश हे मासे आढळतात.

दीर्घ खंडानंतर प्रथम साहित्य पाहावे. नायलॉनची दोरी उन्हाने व काळाने कमजोर होते, ती बदलावीच. कयाकच्या तळाला तडा गेला आहे का, लाइफ जॅकेटचे पट्टे व बकले शाबूत आहेत का, हे तपासावे. कॅलिफोर्नियात होडीवरील प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असणे बंधनकारक आहे, आणि तेरा वर्षांखालील मुलांनी ते अंगात घातलेलेच हवे. आमच्या मते मोठ्यांनीही ते काढू नये. खांद्यांना पूर्वीची सवय राहिलेली नसते. म्हणून पहिल्या दिवशी काठालगतच्या उथळ पाण्यात होडीतून मुद्दाम उतरून पुन्हा चढून पाहावे. दुपारी वारा वाढतो, तेव्हा सकाळची वेळ उत्तम. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना परवाना लागतो. २०२३ पासून तो खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. वर्षातून दोन दिवस परवान्याविना मासेमारीची मोकळीक असते. मुलाबाळांसह आरंभ करण्यास ते दिवस सोयीचे. २०२४ च्या ऑक्टोबरात स्टॉकटनजवळ गोल्डन मसल हा उपद्रवी शिंपला सापडल्यापासून राज्यात अनेक ठिकाणी होड्यांचे नियम कडक झाले आहेत. होडी धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि निघण्यापूर्वी काउंटीच्या उद्यान विभागाचे ताजे नियम वाचावेत.

पाण्यावर उतरणाऱ्याला येथे एवढेच विचारले जाते: परवाना आहे का, जॅकेट आहे का, होडी स्वच्छ आहे का. मुलांना हे साधे वाटते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतरचा न्यायालयीन निकाल लागायला १९३७ साल उजाडले. होडी पाण्यात ढकलताना हा इतिहास मुलांना सांगावा. सार्वजनिक पाणी ही किती कष्टाने मिळालेली गोष्ट आहे, हे त्यांना कळले पाहिजे.

आता खरा प्रश्न. आपण पंचशील घेतले आहे आणि पहिले शील प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हा आंधळा नियम नसून जीवनाचे तत्त्व आहे, अशी त्यांची मांडणी आहे. आमच्या आजोबांच्या हातातला गळ गरजेचा होता. त्या दिवशीचे कालवण त्यावर अवलंबून असे. येथे तसे नाही. या भागातील जलाशयांच्या माशांत पारा आढळतो आणि बाससारख्या मोठ्या शिकारी माशात तो अधिक साठतो. गरोदर स्त्रिया व मुले यांनी तर विशेष जपावे. म्हणून मासा पकडून सोडून देण्याची येथील रीत. पण मग पोटासाठी नव्हे, करमणुकीसाठी आपण त्याच्या जबड्यात गळ रुतवतो, हे टाळता येत नाही. ‘सोडला ना’ एवढ्याने मनाचे समाधान होऊ नये.

या प्रश्नावर आमच्यातही एकमत नाही. काहींनी गळ कायमचा ठेवून दिला असून ते केवळ वल्हवतात. इतरांनी स्वतःला मर्यादा घातल्या आहेत: गळाचा काटा पक्कडीने दाबून टाकावा, मासा ओल्या हातांनी धरावा, पाण्याबाहेर क्षणभरच ठेवावा. वसंतात नर बास उथळ पाण्यात अंड्यांची राखण करतो. त्याला उचलले की ब्लूगिल ती अंडी फस्त करतात. म्हणून त्या दिवसांत घरट्यांकडे फिरकू नये. आणि ज्यांना मासा खायचाच आहे, त्यांनी जेथील मासा खाण्यास योग्य आहे तेथे जावे आणि लागेल तेवढाच घ्यावा.

कोणता मार्ग योग्य, हे प्रत्येक घराने मुलांसमवेत बसून ठरवावे. शील पाठ म्हणण्यापुरते नसून ते हातातल्या कामालाही लागू होते, हे मुलांना अशाच चर्चेतून उमगते.