धुमसता सोफा

जळती सिगारेट सोफ्याच्या फटीत घसरते आणि घर निजते. आत ती तासन्‌तास धुमसते. फोम पेटला की मात्र काही मिनिटांतच खोली विषारी धुराने भरते आणि ज्वाळा दिसण्यापूर्वीच माणूस गुदमरतो. दोष धूम्रपान करणाऱ्याच्या माथी मारला जातो. तो निर्दोष नाहीच. पण असा सोफा विकणाऱ्याचे काय? मँचेस्टरच्या वूलवर्थ दुकानात १९७९ मध्ये फोमच्या फर्निचरला आग लागून १० माणसे दगावली. (निमित्त बहुधा विजेच्या तारेचे, सिगारेटीचे नव्हे.) पुढे १९८८ च्या नियमांनी ब्रिटनने घरगुती सोफ्यांना जळत्या सिगारेटीची व काडीची कसोटी सक्तीची केली. सिगारेटवाल्यांची पाळी उशिरा आली: न ओढल्यास बहुधा आपोआप विझणारी सिगारेट युरोपीय संघात २०११ पासून बंधनकारक झाली.